विणलेल्या स्वेटरात माया सोडता येत नाही

ब्लाउज शिवताना मी बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडते. वर्षभराने बाई अंगाने भरली तर शिवण उसवून सैल करून देता येतो. स्वेटरात ही सोय नाही. बाजूची शिवण उसवली तरी आत काही दडवलेलं नसतं. जेवढे टाके घातले तेवढीच रुंदी. म्हणून शिवणकामात जे मागाहून निस्तरता येतं, ते विणकामात पहिला टाका घालण्याआधी कागदावर निस्तरावं लागतं. स्वेटर अंगावर न बसण्याचं कारण बहुतेक वेळा हात कच्चा हे नसतंच. टाके एकसारखे, बॉर्डर देखणी आणि अंगात घातला की खांदे दंडावर लोंबतात. हिशेब झालेला नसतो.

मी गिरगावात ब्लाउज-ड्रेस शिवते आणि पाऊस ओसरला की स्वेटरही विणून देते. ‘मुंबईत स्वेटर कशाला?’ असं कोणी ना कोणी विचारतंच. मुंबईसाठी नसतोच तो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण ती एखादीच थंडी. एरवी जानेवारीतल्या पहाटेला शाल पुरते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा कॅनडात शिकायला असतो, कोणाच्या सासूबाई चारधामला निघालेल्या असतात, कोणाची लेक नाशिकला दिलेली असते. म्हणजे माणूस एकीकडे, थंडी दुसरीकडे आणि सुया गिरगावात. मापाचा घोळ इथूनच सुरू होतो.

आत काय घालणार, ते आधी विचारा

छाती ३६ असेल तर स्वेटर ३६ चा विणायचा नसतो. किती सैल ठेवायचा ते आतल्या कपड्यावर ठरतं. आत नुसता बनियन किंवा पातळ टी-शर्ट असेल तर छातीच्या मापात २ इंच मिळवा. शर्टावर घालायचा असेल तर ४. आत थर्मल, त्यावर शर्ट आणि वर स्वेटर असा थाट असेल तर ५ ते ६. लोकर खूप जाड असेल तर आणखी इंचभर, कारण जाड विणीची जाडी आतल्या बाजूला जागा खाते. नेटवरचा पॅटर्न वापरत असाल तर त्यातला छातीचा आकडा अंगाचा आहे की तयार स्वेटरचा, हे आधी वाचून घ्या. हे न पाहिल्यामुळे ४ इंच दोनदा मिळवले जातात, नाहीतर एकदाही नाही.

परदेशातल्या मुलांच्या आया हमखास सांगतात, ‘तिकडे बर्फ पडतो हो, चांगला जाडजूड आणि ढगळ करा.’ तिकडे घरात, कॉलेजात हीटर असतो. रस्त्यावर मुलगा वरून जाड जॅकेट घालणार. ढगळ स्वेटरची बाही त्या जॅकेटच्या बाहीत शिरतच नाही, काखेत गोळा होतो आणि स्वेटर कपाटात जातो. अशांसाठी मध्यम लोकर, छातीला ३ इंच सैल आणि दंडाला दीड-दोन इंच, त्याहून जास्त नाही. आईला पटत नाही, पण घालणाऱ्याला पटतं.

माप माणसाचं घ्या, त्याहून त्याच्या आवडत्या कपड्याचं घ्या

टेप अंगाभोवती गुंडाळली की माणूस श्वास रोखतो, पोट आत घेतो. त्याऐवजी ज्या कपड्यात तो सुखाने वावरतो तो मागवा: पूर्ण बाहीचा स्वेटशर्ट, जुना स्वेटर, नाहीतर बऱ्यापैकी सैल शर्ट. गादीवर नको, लादीवर सपाट पसरा. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या, खाली इंचभरावर आडवी रुंदी घ्या. तिची दुप्पट म्हणजे घेर. मग मागून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत. मानेलगत खांदा सर्वांत उंच असतो, तिथून खालपर्यंत लांबी. मुंढ्याची खोली उभ्या सरळ रेषेत. बाहीची लांबी बगलेपासून मनगटापर्यंत आणि दंडाजवळची रुंदी. एवढी मापं पुरतात.

मुलगा लांब असेल तर त्यालाच व्हिडिओ कॉलवर शर्ट पसरायला लावा आणि टेपसकट फोटो मागा. आईने तोंडी सांगितलेलं माप घेऊ नका. आईच्या डोळ्यांपुढे मुलगा एकतर अजून बारावीतला असतो, नाहीतर तिकडे खाण्यापिण्याचे हाल होऊन वाळलेला.

घरात स्वेटर असा कपडाच नसेल, आणि मुंबईत बऱ्याच घरांत नसतो, तर थंडीत परळला स्वेटरवाले बसतात तिथे माणसाला घेऊन जा. दोन-तीन साइझ अंगात घालून बघा, जो बरा वाटेल त्याची मापं टेपने टिपून घ्या. येताना एखादी कानटोपी घ्या; त्याचा वेळ घेतलाय, रिकाम्या हाताने येऊ नये.

आता खांद्याबद्दल. ब्लाउज असो, शर्ट असो की स्वेटर, कपडा टांगला जातो तो खांद्यावर. घेर इंचभर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, खांदा इंचभर उतरला की सगळा स्वेटर दुसऱ्याचा वाटतो. स्त्रियांचे स्वेटर इथेच फसतात. छाती ४२ म्हणून ४२ चा पॅटर्न घेतला जातो, तो पॅटर्न खांदाही तेवढाच रुंद धरतो आणि या बाईचा खांदा असतो जेमतेम १४ इंच. अशा वेळी टेप काखेतून घेऊन उभाराच्या वरून, छातीच्या हाडावरून फिरवा. ते माप ३८ आलं तर खांदा, गळा आणि मुंढा ३८ च्या पॅटर्नचा घ्या. मागचा भागही ३८ चाच विणा. राहिलेली रुंदी फक्त पुढच्या भागात द्या: कमरेपासून वर येताना दोन्ही कडांना हळूहळू टाके वाढवा आणि मुंढ्याला ते जास्तीचे टाके कमी करा. ब्लाउजला टक्स घालतो तसेच स्वेटरलाही घालता येतात. छातीच्या उंचीला आलात की ओळ पूर्ण न विणता शेवटचे पाच-सहा टाके सोडून परत फिरा, पुढच्या वेळी आणखी पाच-सहा सोडा, असं दोन्ही बाजूंना तीन-चारदा करून मग सगळे टाके एकदम विणून घ्या. मधे इंचभर जास्त लांबी मिळते आणि स्वेटर पुढून वर उचलला जात नाही. पोट सुटलेल्या पुरुषांनाही हीच युक्ती, फक्त पोटाच्या उंचीला. त्यांच्या बॉर्डरचे टाके मात्र कमी करू नका. घट्ट बॉर्डर पोटावरून सरकत वर चढते आणि मग दिवसभर खाली ओढत बसावं लागतं.

साडीवरचा कार्डिगन

पॅटर्न लिहिणाऱ्यांना साडी माहीत नसते, त्यामुळे इथे आपलंच डोकं चालवायचं. माप साडी नेसलेली, पदर पिन लावलेला असताना घ्या. डाव्या खांद्यावर पदराच्या घड्यांचा जो थर बसतो त्यासाठी मुंढा अर्धा इंच खोल ठेवा, आणि दोन्ही बाजूंना सारखाच ठेवा. एकाच बाजूला ठेवलात तर ड्रेसवर घातल्यावर कार्डिगन वाकडा दिसेल. गळा व्ही आणि खोल बरा, म्हणजे पदर चुरगळत नाही. लांबी निऱ्यांच्या खोचणीच्या खाली चार-पाच इंच उतरू द्या. बरोबर खोचणीवर संपवलात तर पोट फुगल्यासारखं दिसतं. खालच्या बॉर्डरला टाके घटवायचे नाहीत. बाही मात्र बेताची: आत ब्लाउजची आखूड बाही असते, खाली हात उघडाच, त्यामुळे दंडाला दीड इंच सैल भरपूर झालं. उघड्या हाताला टोचणार नाही अशी लोकर घ्या. आजीबाई टोचतंय असं तोंडाने सांगत नाहीत, नुसता घालायचा बंद करतात.

नमुन्याचा तुकडा

स्वेटर सुरू करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर छोटा तुकडा विणून इंचाला किती टाके पडतात ते मोजायचं. हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, आणि स्वेटर बसणार की नाही ते इथेच ठरतं.

आधी सुयांचा नंबर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर उलटे चढतात. तिथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि आपली ४ मिलिमीटरची ८ नंबर सुई तिकडे ६ नंबरची ठरते. नेटवरच्या पॅटर्नमध्ये ‘८ नंबर’ वाचून आपली ८ नंबर उचलली की स्वेटर एका फटक्यात दोन साइझ लहान. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

तुकडा सहा इंच लांब-रुंद तरी विणा आणि मोजताना मधले चार इंच मोजा, कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात. जी नक्षी स्वेटरवर असणार तीच विणा. वेण्यांची नक्षी आखडते, जाळीची पसरते. साध्या सुलट-उलट विणीवरून त्यांचा अंदाज येत नाही. मग तो तुकडा स्वेटर जसा धुवाल तसा धुवा, सपाट वाळवा आणि नंतर मोजा. मशीनमध्ये धुता येते अशी जी मऊ मेरिनो लोकर मिळते ती पहिल्या धुण्यात चांगलीच सैलावते. जुलैत हा तुकडा पंख्याखालीही लवकर वाळत नाही. वाळू द्या. दमट तुकडा मोजून काही हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट लोकलने जाणाऱ्यांसाठी. लेडीज डब्यात उभ्याने किंवा तिसऱ्या-चौथ्या सीटवर अवघडून विणताना हात घट्ट पडतो, घरी टीव्हीपुढे सैल. मे महिन्यात घामेजल्या बोटांनी लोकर सरकत नाही, तेव्हा आणखी घट्ट. जिथे स्वेटर विणणार तिथेच तुकडा विणा, किंवा वाटून घ्या: बॉर्डर आणि बाह्यांचा सुरुवातीचा भाग गाडीत, पाठ आणि पुढचा भाग घरी. सुई मधेच बदलू नका. स्टीलवरून बांबूवर गेलात तरी टाक्याचा घट्टपणा बदलतो.

आता आकडे. समजा धुतलेल्या तुकड्यात चार इंचांत २२ टाके आणि ३० ओळी आल्या. म्हणजे इंचाला साडेपाच टाके, साडेसात ओळी. छाती ३६, शर्टावर घालायचा म्हणून ४० चा स्वेटर. पाठ २० इंच, म्हणजे ११० टाके, शिवणीत जाणारे दोन धरून ११२. हेच टाके घातले आणि हात सैल पडून चार इंचांत २२ ऐवजी २० च येऊ लागले, तर पाठ २२ इंचांची आणि स्वेटर ४४ चा होतो. इंचाला अर्ध्या टाक्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही, अंगावर दिसतो. तुकड्यात टाके जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. टाके मुद्दाम ओढून किंवा सोडून विणायचा प्रयत्न करू नका, चार ओळींनंतर हात आपल्या चालीवर येतोच.

मुंढ्याचा हिशेब असा. खांदा साडेचौदा इंच, म्हणजे ८० टाके. ११२ मधून ८० गेले, उरले ३२, प्रत्येक बाजूला १६. ते एकदम बंद केले तर काखेत चौकोनी कोपरा येतो, म्हणून आधी ६ बंद करा, मग त्याच बाजूला ३, मग २, आणि पुढे एक ओळ सोडून एकेक असे ५. झाले १६. त्यानंतर सरळ विणत जा, मुंढ्याची खोली ८ इंच होईपर्यंत, म्हणजे पहिले टाके बंद केल्यापासून साठ ओळी. ही खोली मोजताना टेप गोलाईवरून फिरवू नका, सपाट ठेवून उभी सरळ मोजा. गोलाईवरून मोजलं की मुंढा आखूड राहतो आणि हात वर केला की काखेत ओढतो.

बाही दंडाशी १४ इंच हवी असेल तर साधारण ७८ टाके. मनगटाची बॉर्डर संपल्यावर सुईवर ५० आहेत असं धरू. २८ वाढवायचे, म्हणजे दोन्ही कडांना एकेक करून १४ वेळा. बगलेपर्यंत लांबी १७ इंच, त्यातली अडीच इंच बॉर्डर वजा, शेवटचा दीड इंच सरळ ठेवायचा, राहिले १३ इंच, साधारण ९८ ओळी. चौदा वेळांत वाटल्या तर सात-सात. पण सातव्या ओळीला कधी सुलट बाजू येते, कधी उलट, म्हणून एकदा सहाव्या आणि एकदा आठव्या ओळीला असं आलटूनपालटून वाढवा. लांबी मापापेक्षा अर्धा इंच कमी ठेवा, स्वतःच्या वजनाने बाही उतरते.

बाहीचा वरचा, मुंढ्यात बसणारा घुमट मुंढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जरा उंच, म्हणजे इथे साडेपाच ते सहा इंच. जोडण्याआधी टेप कडेवर उभी धरून बाहीची गोलाई मोजा, मुंढ्याची पुढची-मागची गोलाई मोजा. बाही अर्धा इंच जास्त असेल तर चालते, शिवताना सामावते. त्याहून जास्त असेल तर खांद्यावर चुण्या पडतील. कमी असेल तर घुमटाच्या ओळी वाढवा. खेचून जोडू नका.

मधेच अंगाला लावून बघा

पाठ मुंढ्यापर्यंत झाली की टाके जादा दोऱ्यावर उतरवून माणसाच्या पाठीला लावा. मांडीवर ठेवून मोजलं तर माप फसवं येतं, लोकर लोंबते. दुपारी दोन वाजता कोणीही लोकर अंगाला लावून घेत नाही, सकाळी अंघोळीनंतर बोलवा किंवा पंखा पाचवर करून विनवा. दोन्ही बाजू झाल्या की शिवण्याआधी सेफ्टी पिना लावून पुन्हा एकदा. इथे उसवायला लागलं तर चार-सहा इंच उसवायचे असतात. पुढे गेल्यावर सगळंच.

गळ्याबद्दल थोडक्यात. पट्टीसाठी उभ्या कडेवरून टाके उचलताना चार ओळींमागे तीन उचला, सगळे उचलले तर पट्टी झालरीसारखी उभी राहते. गळ्याचे टाके एका नंबराने जाड असलेल्या सुईने, सैल हाताने बंद करा. वर्षभराच्या बाळाचं डोकं साधारण १८ इंचांचं असतं आणि अंगाच्या मानाने मोठं. गळा ताणून तेवढा होतो का ते टेपने बघा, नाहीतर डाव्या खांद्यावर दोन बटणं द्या.

विणून झाल्यावर

शुद्ध लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात गुंडाळून पाणी काढून, मापाप्रमाणे पसरून टाचण्या लावून वाळवता येते. अर्धा-एक इंच असा जमवता येतो. आपल्याकडच्या दुकानांतली बरीचशी ‘लोकर’ मात्र ॲक्रिलिक असते, लेबल वाचा. ती भिजवून मापात येत नाही. आणि तिच्यावर गरम इस्त्री किंवा वाफ जास्त झाली की विणीतला ताण कायमचा जातो, बॉर्डर लुळी पडते, ती परत येत नाही. ॲक्रिलिकचा स्वेटर सुयांवरच मापात यायला हवा.

तरीही थोडं निस्तरता येतं. खांदे पसरत असतील तर आतून खांद्याच्या शिवणीवर सुती फीत शिवा. मागचा गळा सैल असेल तर आतून क्रोशाची साखळी घाला. बाही किंवा खालची लांबी चुकली असेल तर बॉर्डरच्या वरचा एक टाका कापून ती ओळ काढा, सुटे टाके सुईवर घ्या आणि खालच्या दिशेने हवी तेवढी लांबी व नवी बॉर्डर विणा. साध्या विणीत जोड दिसत नाही. घेर थोडा जास्त असेल तर बाजूची शिवण एक-दोन टाके आत घ्या. खांदा रुंद झाला असेल तर उपाय नाही, मुंढ्यापर्यंत उसवा.

लोकर घेताना लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, बघून एक गुंडा जास्तीचा घ्या आणि तो नमुन्याच्या तुकड्यासोबत पिशवीत ठेवा. सुईचा नंबर आणि टाक्यांचा हिशेब चिठ्ठीवर लिहून त्यातच टाका. मुलांच्या स्वेटरला तो गुंडा नक्की लागतो, कारण मुलांचे हात आधी वाढतात, छाती मागून. मनगटाची बॉर्डर काढून दोन इंच वाढवलं की आणखी एक थंडी निघते.